पाटी कोणाच्या दारावर

उजव्या हाताची तर्जनी वर करून तो म्हणायचा, "नाही, मुळात कसंय..." समोरच्याने नुसतं "आज थंडी आहे" एवढंच म्हटलेलं असायचं. मग थंडी म्हणजे काय आणि तुम्ही जिला थंडी म्हणता ती थंडी कशी नव्हेच, हे सगळं उभ्याउभ्या ऐकून घ्यावं लागे. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर तुम्ही नशीबवान आहात.

जर्मनीत, बॉबलिंगेनच्या आमच्या इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा. मी आणि माझा नवरा तळमजल्यावर. गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर, वय छत्तीस, लग्न व्हायचं होतं. का व्हायचं होतं ते त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की कुणालाही कळायचं, फक्त त्याला कळत नसे. एकदा आमच्याकडे जेवायला आला आणि मी केलेल्या आमटीला आमटी म्हणताच येणार नाही, यावर वाद घालत बसला. वाद जिंकला आणि तीच आमटी तिसऱ्यांदा वाढून घेतली. मला तो अजिबात आवडत नसे.

त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नागपूरची एक मुलगी राहायची, सॉफ्टवेअरवाली. मुलगी आपलं म्हणायचं, तीही चौतिशीची. दिसायला गोड आणि तोंडाने तिखट. आता इकडचा नियम असा, की एका मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा-पुसायचा. त्याला केअरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटकते. शनिवारी जिना पुसून झाला की पाटी समोरच्याच्या दारावर लावायची. इतकं साधं काम. पण हा बोटाने कोपरे तपासायचा आणि धूळ निघाली की पाटी परत तिच्या दारावर नेऊन लावायचा. ती लगेच पाटी उलट त्याच्या दारावर. आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचे.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात एक जुनं रशियन प्रहसन बसवलं. एक माणूस शेजारच्या मुलीला मागणी घालायला येतो, मागणी राहते बाजूला आणि दोघं एका कुरणाच्या मालकीवरून भांडत बसतात. ते मिटतं तोवर कोणाचा कुत्रा चांगला यावरून जुंपते. शेवटी लग्न ठरतं आणि भांडण चालूच राहतं. भूमिका कुणाला द्यायच्या याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. मी प्रॉम्प्टर होते. पहिल्याच तालमीत त्याने दिग्दर्शकाला सुनावलं, "मुळात हा माणूस भांडखोर नाहीच. कुरण त्याचंच आहे."

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं.

"वहिनी, जरा माझ्याबरोबर वर चला. तुम्ही मोठ्या आहात. मला तिला विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"लग्नाचं."

त्याची तर्जनी पहिल्यांदाच खाली होती. कपाळावर घाम होता. मी गेले. खोटं कशाला बोलू, मजा बघायला गेले.

तिने दार उघडलं, फुलं पाहिली आणि चक्क लाजली. मग काहीतरी बोलायचं म्हणून बिचारी म्हणाली, "बरं झालं आलास. पाटी घेऊन जा तुझी, काल पुसलाय मी जिना."

"नाही, मुळात कसंय," तर्जनी वर गेली, "शू-रॅकच्या खाली पुसलेलं नाहीये."

"रॅक तुझा आहे!"

"रॅक माझा, पण खालची फरशी कॉमन आहे. हाउसओर्डनुंगमध्ये स्पष्ट लिहिलंय."

"मग आण ना, वाच इथे!"

आणि फुलं माझ्या हातात देऊन तो खरोखरच इमारतीच्या नियमांचा कागद आणायला गेला. परत आला तेव्हा तिचं दार बंद होतं. बंद दाराला त्याने ते कलम मोठ्याने वाचून दाखवलं. "आल्झो, म्हणजे एकूण मुद्दा माझाच बरोबर निघाला," जिना उतरताना मला म्हणाला.

"निघाला ना? आता त्या मुद्द्याशीच लग्न कर," मी म्हटलं. फुलं आमच्याकडे चार दिवस टिकली.

पुढच्या शनिवारी चर्चचा हॉल भरला होता. दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नव्हते, ते सगळं रंगमंचावर बाहेर आलं. लोक हसून बेजार झाले. शेवटी ती म्हणते, "मी तयार आहे," आणि त्याने लगेच कुत्र्यावर घसरायचं असतं. ती म्हणाली. तो गप्प. मी विंगेतून वाक्य दिलं. तीनदा दिलं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. लोकांना तो अभिनय वाटला आणि टाळ्या पडल्या. मला त्याचं तोंड दिसत होतं, आणि मला त्याची दया आली, याचा मला रागही आला. अखेर तिनेच कुत्र्याचं भांडण उकरून काढलं आणि पडदा पाडला.

त्यानंतर तरी माणसाने काही बोलावं? गाढव तिला म्हणाला, "तुझं वाक्य दोन सेकंद लवकर आलं." ती मेकअप न पुसताच घरी निघून गेली.

जानेवारीत त्याला ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, तिकडे केअरवोखे नसते."

"मग भांडशील कुणाशी?"

त्याने तर्जनी वर केली, आणि तशीच खाली घेतली.

तो शुक्रवारी गेला. शनिवारी सकाळी मी वर गेले तर जिना लख्ख होता. रॅक नव्हता, पण रॅकच्या जागेची फरशीसुद्धा घासून पुसलेली होती. पाटी मात्र तिच्याच दारावर होती. बादली आणि फडकं घेऊन ती बाहेर आली, जिन्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबली.

"पाळी माझी होती," ती म्हणाली. "याला कुणी सांगितलं होतं?" मग आवाज चढवून त्याच्या रिकाम्या फ्लॅटच्या दाराला तिने हेच पुन्हा ऐकवलं. डोळे भरले होते, तरी भांडत होती. भांडखोर मेली, दोघंही.

मग तिने स्वतःच्या दारावरची पाटी काढून त्याच्या दारावर लावली. "जिना पुसून झालाय," मला म्हणाली. "आता पाळी त्याची."

नवा भाडेकरू दोन महिन्यांनी आला. तोवर पाटी तिथेच होती, आणि दर शनिवारी जिना तीच पुसत होती, रॅकच्या जागेसकट.