पोटाखालची कणी

आधीच सांगून टाकते, मला मासे आवडत नाहीत. नुसतं पाण्यात सोडून बघत बसायचे असतील तर मुळीच नाहीत. पण माझ्या वहिनीबद्दल सांगायचं म्हणजे मासे येणारच, त्याला माझा इलाज नाही.

टपाल कचेरीत बत्तीस वर्षं शिक्के मारून मी निवृत्त झाले आणि वहिनीकडे राहायला आले. माझा भाऊ तोवर गेला होता. घरात वहिनी, तिचा मुलगा, आणि मागच्या खोलीत फळ्यांवर एकसष्ट काचेच्या बरण्या. एका बरणीत एकच मासा, आणि दर दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा.

"हे पुठ्ठे कशाला गं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"शेजारी दिसला की अंगावर धावून जातात," वहिनी म्हणाली.

म्हटलं, आमच्या कचेरीत कुणाला हे सुचलं नाही!

या माशांना बाजारात फायटर म्हणतात. लांब झालरीचे पंख मिरवतो तो नर, आखूड पंखांची ती मादी, एवढं कुणीही सांगेल. गोची होते ती आखूड पंखांच्या जातीत. तिथे नरही आखूडच, आणि कोवळ्या वयात तर सगळेच सारखे. एक नर चुकून माद्यांच्या टाकीत गेला की चार दिवसांत सगळ्यांच्या पंखांच्या चिंध्या. म्हणून तिथे वहिनी लागायची. बरणी खिडकीशी धरायची, एक डोळा मिटायची, आणि "बाई" नाहीतर "बुवा" म्हणून मोकळी व्हायची. बाई डावीकडच्या फळीवर, बुवा उजवीकडच्या. ती नेमकं काय बघायची हे मी कधी विचारलं नाही. मासे विकणारा दुकानदार तिला ठिपकेवाली म्हणायचा. मला वाटायचं, तिच्या त्या ठिपक्याठिपक्यांच्या गाऊनवरून.

गेल्या वर्षी वहिनीने एक नवीनच खूळ काढलं. सकाळी मी चहा घेऊन बसले की ही बरणी घेऊन हजर.

"वन्सं, ह्याच्या पोटाखाली काही घाण अडकलीय का हो? तांदळाच्या कणीसारखी?"

मी चष्मा चढवून बघायची. "आहे की! जरा नीट धूत जा बरण्या."

ती मुकाट्याने बरणी डावीकडे ठेवायची. पुढच्या माशाला मी म्हणावं, "नाही बाई, हा स्वच्छ आहे," की ती उजवीकडे. मला वाटलं, मळके एका बाजूला, धुतलेले एका बाजूला. वर्षभर हेच चाललं होतं! बत्तीस वर्षं पत्ते वाचून पत्रं वेगळी केली मी, आणि घरातल्या घरात माझ्याकडून काय वेगळं करून घेतलं जातंय हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

एके दिवशी दुकानदाराचा निरोप आला. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात मोठी टाकी बसवली होती, त्यात सोडायला आखूड पंखांच्या बारा माद्या हव्या होत्या. वहिनीने बरण्या आणायला सुरुवात केली. माझं नेमकं शब्दकोडं अडलं होतं. पाचसात बरण्या मी नीट पाहिल्या, आणि मग वैताग आला.

"वन्सं, घाण दिसते का?"

"आहे, आहे."

"आणि ह्याला?"

"अगं आहे म्हटलं ना!" मान वर न करता सांगितलं मी. बारा मासे पिशव्यांत भरले आणि गेले.

पाचव्या दिवशी दुकानदार दारात उभा. "ठिपकेवाली, हे काय केलंत? चिंध्या झाल्यात टाकीत! दोघी तर झाडाआडून बाहेर यायला तयार नाहीत."

भाचा आतून आला. तो बिचारा सहा महिने आईच्या मागे लागला होता, डोळे तपासून घे म्हणून. "बस झालं आता. दिसत नसताना हा उद्योग कशाला? रविवारी सगळ्या बरण्या दुकानात पोचवतो." दुकानदारानेही मान डोलावली, म्हणजे त्यालाही ते पटलं होतं.

ते गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. वहिनी एक रिकामी बरणी पुसत बसली होती. आधीच लख्ख होती ती.

"मोतीबिंदू आहे वन्सं. दोन्ही डोळ्यांना. ऑपरेशनला भ्याले, आणि कुणाला कळलं तर मासे जातील म्हणून बोलले नाही."

मग तिने सांगितलं. मादीच्या पोटाखाली, अंडी जिथून येतात तिथे, एक पांढरा ठिपका असतो, कणीएवढा. तोच तिला दिसेनासा झाला होता. एवढी सगळी छाननी वर्षभर माझ्या चष्म्यातून झाली होती.

माझी मान खाली गेली. खरं सांगते, तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूच आलं. "वहिनी, शेवटच्या चारपाच बरण्या मी बघितल्याच नाहीत गं. शब्दकोडं सोडवत होते."

ती बरणी पुसतच राहिली. मग मीच उठले. "ऊठ. चपला घाल. ऊठ म्हणते ना!"

दवाखान्यात चार पेशंट गाल धरून बसले होते. मी टाकीला नाक लावलं आणि वहिनी माझ्या खांद्यामागे उभी राहिली. "काय दिसतंय सांगा."

"मासे दिसतायत. बाराच्या बारा सारखे."

"वर कुठे फेस जमलाय का?"

जमला होता, एका कोपऱ्यात, बारीक बुडबुड्यांचा. चिठ्ठ्या देणारी मुलगी म्हणाली, "हो ना आजी, रोज सकाळी चमच्याने काढते मी. साबण राहिला असेल म्हणून."

"साबण कसला! घर बांधतोय तो," वहिनी म्हणाली. "वन्सं, त्या फेसाखाली कोण घुटमळतंय?"

"एक तांबडा आहे."

"आरसा धरा त्याच्यासमोर."

मी पर्समधला पावडरचा आरसा काचेला लावला. त्या तांबड्याने आत स्वतःला पाहिलं मात्र, गालांखालचा पडदा फुगवून ही एवढी काळी दाढी बाहेर काढली!

"दाढी!" मी ओरडले.

"केवढी?"

"भरघोस!"

"बुवा!" वहिनी इतक्या जोरात म्हणाली की गाल धरलेले एक गृहस्थ दचकून उभे राहिले.

बुवाला जाळीने पिशवीत घेतलं. तेवढ्यावर वहिनीचं समाधान होईना. उरलेल्या अकराही एकेक करून बघायला लावल्या तिने, ठिपका आधी आणि आरसा नंतर. दीड तास गेला. एका पेशंटचा नंबर पुकारला तर ते म्हणाले, "थांबा हो, अजून दोघी राहिल्यात." अकराच्या अकरा बाया निघाल्या.

घरी येऊन मी भाच्यापुढे सगळं कबूल केलं. म्हटलं, चूक तुझ्या आईच्या डोळ्यांची नाही, तुझ्या आत्याच्या आळशीपणाची आहे. एक बरणी हलवशील तर याद राख. तो हसला, पण एका अटीवर ऐकलं त्याने. महिन्याभरात वहिनीचे दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा मला पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! वन्सं, केवढ्या सुरकुतल्यात तुम्ही!" पुन्हा झाकून टाका म्हटलं हिचे डोळे.

आता तिला सगळं दिसतं. म्हटलं, सुटले मी. तर आठवड्याने सकाळी चहाच्या वेळी ही बरणी घेऊन पुढ्यात.

"वन्सं, जरा बघता का?"

"तुला दिसतंय ना आता?"

"दिसतंय की." ती माझ्याजवळ बसली. "त्या दिवशी तुम्ही बघत नव्हता, ते मला कळलं होतं. पेन्सिलीचा आवाज येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"पुन्हा विचारलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, तुला दिसत नाही का?"

मी शब्दकोडं बाजूला सारलं, चष्मा चढवला, बरणी खिडकीशी धरली आणि चांगली मिनिटभर बघितली.

"बाई," मी म्हटलं.

वहिनीने बरणी माझ्या हातातून घेतली आणि न बघताच डावीकडच्या फळीवर ठेवली.