फ्रिजवरचे तारे

"सगळं एका पानावर लिहून आणा," दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली आणि मला हसूच आलं. एका पानावर! अहो, मी सोळा वर्षं मराठी शाळेत शिकवतेय. टाचण काढल्याशिवाय वर्गात पाऊल टाकत नाही. चौथीचा भागाकार शिकवायचा तरी माझं टाचण दोन पानी असतं. इथे तर पोटच्या पोरीची दोन वर्षं मांडायची होती.

लेक तेव्हा आठ वर्षांची. आधी तिचे डोळे मिचकायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. डोळे जरा शांत झाले तर उजवा खांदा उडायला लागला. मग खांद्याच्या जोडीला घशातून आवाज सुरू झाला, 'हुं... हुं', कबूतर घुमतं ना, तसा. घशाच्या डॉक्टरांनी घसा एकदम स्वच्छ आहे म्हणून सांगितलं आणि वर एक सिरप दिलं, बहुतेक आम्ही रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून. तिसऱ्या डॉक्टरांनी टीव्ही बंद करा म्हटलं. त्यात सासूबाईंच्या मालिका बंद झाल्या, पोरीचं काहीच बंद झालं नाही.

आता हे चौथे डॉक्टर. म्हणजे डॉक्टरीणबाई. इथे सुरतेतच मजुरा गेटजवळ बसतात, लहान मुलांचा मेंदू आणि नसा बघतात. तीन आठवड्यांनंतरचा शनिवार मिळाला, सकाळी अकरा.

खरं सांगू? मला त्यांच्याकडून औषध नकोच होतं. मला एकच गोष्ट कळायला हवी होती. पोरगी हे मुद्दाम करते की आपोआप होतं? तिच्या शाळेतून डायरीत चिठ्ठी आली होती: 'वर्गात मुद्दाम आवाज काढते. घरी समज द्यावी.' आणि त्या दिवसापासून तिला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं होतं. डॉक्टरांचा कागद आणा, मग बघू, असं तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी शाळेतल्या बाईची मुलगी इंग्रजी शाळेत, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते. त्या चिठ्ठीने माझं डोकं असं फिरलं की बोलायची सोय नाही. पण रागावणार कोणावर? असल्या चिठ्ठ्या मीही लोकांच्या पोरांच्या वह्यांत ढिगाने लिहिल्यात.

शिक्षकी डोकं ते, गप्प कुठे बसतंय! मी कार्डशीट आणला, रकाने आखले आणि फ्रिजवर चिकटवला. एक तास डोळे नाहीत, खांदा नाही, आवाज नाही, की एक चंदेरी तारा. दहा तारे झाले की तिच्या पसंतीची एक वस्तू. याच ताऱ्यांवर मी वर्गातल्या पन्नास पोरांकडून तीसपर्यंत पाढे पाठ करून घेतलेत. ही एकटी काय चीज!

आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात तेवीस तारे! मी तो तक्ता अख्ख्या मजल्याला दाखवला. शेजारच्या बेन कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "टीचर एटले टीचर," म्हणाल्या, म्हणजे टीचर ती टीचरच. माझी छाती फुगली.

पण त्याच ताऱ्यांनी माझ्या डोक्यात किडा सोडला. बक्षीस ठेवलं की थांबते. म्हणजे मनात आणलं तर हिला थांबवता येतं. म्हणजे एरवी करते ती... पुढचं मला स्वतःशीसुद्धा म्हणवेना. पण डॉक्टरांसाठी जी वही केली, तिच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहिलं, 'मुद्दाम करते का?' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग घरात जी तयारी सुरू झाली ती विचारू नका. तपासणीसाठी शिक्षणाधिकारी येणार असले तरी आमच्या शाळेत एवढी धावपळ होत नाही. आमचे हे इच्छापोरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. त्यांनी जुन्या कागदांची फाईल केली आणि तिला रंगीत चिठ्ठ्या लावल्या. डोळ्यांना पिवळी, घशाला निळी, टीव्हीवाल्या डॉक्टरांना लाल. नट-बोल्टसारखे आमचे डॉक्टर रांगेत लागले.

व्हिडिओ काढायचं कामही त्यांच्याकडेच होतं. पण फोन दिसला रे दिसला की पोरगी दात दाखवून फोटोला उभी, डोळा नाही की खांदा नाही. म्हणून हे पडद्यामागे लपून बसायला लागले. चार दिवसांत अकरा व्हिडिओ झाले. चारांत नुसता पडदा, तिनांत ह्यांचा अंगठा, आणि एकात सासूबाई खणखणीत आवाजात म्हणतायत, "हाऊ येडा व्हयना का काय? पडदामागे उभा शे!"

सासूबाई जळगावकडच्या. सुरतेत येऊन चाळीस वर्षं झाली, भाजीवाल्याशी गुजराती बोलतात, माझ्याशी मराठी, पण चिडल्या किंवा प्रेम आलं की अहिराणी. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं. "पोरले नजर लागेल शे." दर शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या. मी काही बोलायचे नाही. एका घरात दोन हेडमास्तरणी नांदायच्या असतील तर थोडं कानाआड करावंच लागतं.

गुरुवारी संध्याकाळी मी रंगीत तालीम ठेवली. डॉक्टर झाल्या सासूबाई. ह्यांचा पांढरा शर्ट साडीवर चढवला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि ऐटीत खुर्चीत बसल्या.

"जीभ दाखव," त्या म्हणाल्या. "हं. पोट साफ होतं का रोज?"

"आजी, ते मेंदूचे डॉक्टर आहेत!"

"मग? मेंदूवालालेबी पोट शे ना!"

पोरगी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. मीही हसले. मग सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि साध्या आवाजात विचारलं, "बरं, खांदा उडायच्या आधी काय होतं गं तुला?"

पोरगी विचारात पडली. "शिंक येणार असते ना आजी, तसं. खांद्याच्या आतमध्ये. केलं की बरं वाटतं. मग परत येतं."

"असं गोलगोल नाही सांगायचं," मी मध्येच म्हटलं. "डॉक्टरांना वेळ नसतो. मुद्द्याचं बोलायचं. आणि तिथे शहाण्यासारखं बसायचं, हात मांडीवर."

तिने मान हलवली. माझी वही तोपर्यंत सतरा पानांची झाली होती. कोणत्या तारखेला किती वेळा खांदा, जेवणाआधी किती, जेवणानंतर किती, सगळं त्यात होतं. शिंकेचं तेवढं मी लिहिलं नाही.

शनिवारी दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, बूट पॉलिश. ह्यांनी सुट्टी टाकली होती, सासूबाई घरीच थांबल्या. शेजारच्या बेननी दवाखान्यात उशीर झाला तर असू देत म्हणून खाखरे बांधून दिले. फ्रिजवरचा तक्ता मी अलगद काढला, गुंडाळी केली आणि काखेत मारली. बक्षीस समारंभाला निघावं तसं आमचं वऱ्हाड रिक्षात बसलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. गुजरातीच बोलल्या, मी तुम्हाला मराठीत सांगते. आधी त्यांनी हातोडीने पोरीचे गुडघे ठोकले, एका रेषेवरून चालवलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग ती खुर्चीत बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डोळा नाही, खांदा नाही, हुं की चूं नाही. मला घाम फुटला.

"बघा ना, आत्ता एकदाही नाही!" मी म्हटलं. "आणि घरी मिनिटामिनिटाला चालू असतं हो. वहीत लिहिलंय सगळं."

त्यांनी वही चाळली. सतरा पानं बघून हसल्या, पण कुचकट नाही. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. तक्ता टेबलावर पसरला, कोपरे दाबून धरले. "हे मी घरी केलं. तारे ठेवले की थांबते ती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पोरीकडे वळल्या. "अरे वा, एवढे तारे! हे मिळवायला तू काय करायचीस?"

पोरीने माझ्याकडे बघितलं.

"सांग की, सांग," मी म्हटलं. कौतुक ऐकायला मी पदर सावरून बसले होते.

"दाबून धरायची," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"तास होईपर्यंत. आई घड्याळ बघते ना."

"आणि तास झाल्यावर?"

"मग बाथरूममध्ये जायची. नळ सोडायची, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. आणि सगळं करून यायची. खांदा दुखेपर्यंत."

ह्यांनी हातातली फाईल मिटली. मला तो नळ आठवला. दहादहा मिनिटं नळ सोडून बसते म्हणून मी त्या दारावर थापा मारल्या होत्या. "टाकी काय तुझ्या बापाची आहे का गं?" असं ओरडले होते. आणि बाहेर आली की फ्रिजवर तारा चिकटवला होता. मला इतकी लाज वाटली की तो तक्ता गिळून टाकावासा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी वहीचं पहिलं पान उघडलं. लाल शाईवर बोट ठेवून त्यांनी पोरीलाच विचारलं, "इथे विचारलंय, तू हे मुद्दाम करतेस का? तुला काय वाटतं?"

पोरीने वाकून ती लाल शाई बघितली. मग म्हणाली, "माहीत नाही. सगळे म्हणतात करते."

"नाही करत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी सांगते तुला. शिंक येते तेव्हा तू मुद्दाम शिंकतेस का? थोडा वेळ दाबता येते, पण म्हणून ती तुझी खोडी होत नाही."

हे ऐकलं आणि पोरीचा खांदा उडाला. मग डोळे, मग 'हुं', मग पुन्हा खांदा. अर्धा तास अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि मान वर न करता शाळेने मागितलेलं पत्र लिहायला घेतलं. आम्हाला म्हणाल्या, याला टिक म्हणतात, पुष्कळ मुलांना असतं, कमीजास्त होत राहील, हिला आत्ताच औषधाची गरज दिसत नाही. "टोकू नका, मोजू नका. शिक्षा नको आणि बक्षीसही नको. ते यायच्या आधी तिला काय वाटतं, हे कधी विचारलंत?"

"माझ्या सासूबाईंनी विचारलं," मी म्हटलं. "मी नाही."

"मग सासूबाईंना पुढच्या वेळी घेऊन या," त्या म्हणाल्या, आणि हे इतक्या मोठ्याने हसले की बाहेरची बाई डोकावली.

शाळेचं पत्र मी पर्समध्ये ठेवलं. सोमवारी ते घेऊन मी स्वतः जाणार होते, आणि त्या बाईंशी भांडणारही नव्हते, कारण भांडायला तोंड उरलंच नव्हतं. हे पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले. पोरगी माझ्या बाजूला. मी तिचा हात धरला आणि सरळ म्हटलं, "चुकलं माझं. मला वाटलं तू मुद्दाम करतेस. तू करत नव्हतीस. मला माफ कर."

मोठ्या माणसाने माफी मागितली की मुलं कशी बावरतात, तशी ती बावरली. बाहेर बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "आई, मग आता घरीसुद्धा केलं तर चालेल?"

शाळेचं नाही, घराचं विचारत होती ती. माझ्याकडून परवानगी मागत होती. मला रडू फुटलं, भर रिक्षात, आणि मी ते लपवलं नाही.

"घरीच तर करायचं गं राणी. हॉलमध्ये. आजीच्या शेजारी बसून."

"नळ न सोडता?"

"नळ न सोडता."

तिने तीनदा खांदा उडवला, मोठ्याने 'हुं' केलं आणि खाखऱ्याची पिशवी उघडली. रिक्षा उधना दरवाज्याकडे वळली.