साठ दोन

ज्या दिवशी माझ्या मुलीची प्रवेश परीक्षा होती, त्या दिवशी तिचे वडील गेले. ती वर्गात होती. मी शाळेच्या फाटकाबाहेर होते. ते घरी होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला बैठ्या घरांच्या एका रांगेत राहायचो. हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. मी वाशीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. घरात भिंतभर पुस्तकं होती. आमच्या एकुलत्या एक मुलीला त्या भिंतीचा उपयोग पाठ टेकायला व्हायचा.

ती चौथीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. घर या शब्दाचं ती धर करायची. भ आणि म तिला सारखेच दिसायचे. एकदा मी तिच्याकडून 'किती' हा शब्द लिहून घेत होते, तेव्हा तिने मला विचारलं, "आई, आपण आधी क म्हणतो आणि मग इ म्हणतो. मग वेलांटी आधी का?"

मी म्हटलं, "तशीच पद्धत आहे."

"पण नंतर ऐकू आलेलं आधी का दिसतं?"

इतकी वर्षं मी मराठी वाचत होते, पण माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. मला वाचायला कोणी शिकवलं तेही आठवत नव्हतं, इतकं ते सहज झालं होतं. त्यामुळे जिला ते होत नाही तिला कुठून धरावं, हे मला कळत नसे.

मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात आम्ही तिला दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डिस्लेक्सिया हा शब्द सांगितला आणि म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, तिला वेगळ्या वाटेने शिकवा. परत येताना बसमध्ये यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला आणि म्हणाले, "आयला, ज्यांना हे होतं त्यांनाच कधी लिहिता येऊ नये असं नाव ठेवलंय बघ." मी हसले नाही. मुलगी मात्र खिदळली. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही लिहून दाखवा." यांनी पण हात वर केले.

तिच्या शाळेने सांगून टाकलं होतं की चौथीपर्यंत ढकललं, पाचवीला दुसरीकडे बघा. वाशीला एक नावाजलेली शाळा होती. तिथे चित्रकलेची मोठी खोली होती, सुतारकाम होतं, शिवण होतं. आमची मुलगी हाताने काहीही करायची. बिघडलेली छत्री उघडून परत जोडायची, काडेपेट्यांची कपाटं बनवायची. यांच्या मनाने घेतलं की हिला तीच शाळा पाहिजे. पण तिथे पाचवीला मोजकी मुलं घ्यायचे, आणि तीही परीक्षा घेऊन. हातकामाच्या खोलीत जायची वाट कागदावरून जात होती.

पेपरात उतारा असायचा. तो आम्ही सोडूनच दिला होता. आकृत्या असायच्या, त्या तिला यायच्या. तिसरा भाग ऐकण्याच्या गणितांचा. बाई आकडे वाचणार, मुलांनी ते लिहून हिशेब करायचा. सगळ्यांनी सांगितलं, हा भाग सोपा, फुकटचे मार्क. आमची सगळी भिस्त त्याच्यावर होती, आणि तिथेच ती हमखास चुकायची. तोंडाने तिला बेरीज-वजाबाकी यायची, पण कागदावर भलतेच आकडे यायचे. मला वाटायचं, लक्ष नाही.

यांना त्याचं कारण सापडलं ते वाशीच्या बस स्टॉपवर. त्या काळी बसच्या कपाळावर नंबर मराठीत असायचे. यांनी तिला काम दिलं होतं, सत्तेचाळीस आली की सांग. सत्तेचाळीस आली आणि गेली. पाठोपाठ दुसरीही गेली. ही आपली टाचा उंचावून बघतच होती. यांनी विचारलं, "ठमाबाई, आपण इथेच संसार मांडायचा का?"

ती म्हणाली, "पण सात पहिला असलेली आलीच नाही."

"सात पहिला कसा?"

"सत्ते म्हणजे सात ना? ते आधी म्हटलंत. चाळीस नंतर म्हटलंत."

ते त्या दिवशी तिला घेऊन चालतच घरी आले. दारात चप्पल काढता काढता मला म्हणाले, "अगं, पोरगी बरोबर आहे. आपणच उलटं बोलतो."

त्यानंतर आमच्या घरात आकड्यांची भाषा बदलली. सत्तेचाळीसचं चाळीस सात झालं. बासष्टचं साठ दोन. एकोणसाठने तर तिला फार छळलं होतं, तिला त्यात एक आणि साठ एवढंच ऐकू यायचं. त्याचं पन्नास नऊ झालं. आज तारीख किती, वीस तीन. वरण किती मिनिटं शिजवू, वीस पाच. मला सुरुवातीला ते कानाला बोचायचं. भाषेला असं वाकवणं माझ्या स्वभावात नव्हतं. पण आठवड्याभरात ती पाटीवर आकडे बरोबर लिहायला लागली, आणि मग मीही तसंच बोलायला लागले.

साताऱ्याहून माझी नणंद आली होती. दोन दिवस तिने ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "दादा, तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली रे? दहा तीन?"

"बरोबर. आणि तुझी अक्कल अजून दहा दोनच्या आतच आहे," हे म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो.

पण परीक्षेच्या बाई साठ दोन म्हणणार नव्हत्या. त्या बासष्टच म्हणणार. म्हणून यांनी तिला पलटी शिकवली. ऐकायचं, ओठातल्या ओठात पलटी मारायची, मग लिहायचं. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की हे ओट्यावर बसायचे आणि आत बघून ओरडायचे, "त्र्याऐंशी!" आतून पुटपुटणं यायचं, ऐंशी तीन, आणि मग पेन्सिलीचा आवाज. "पस्तीस!" तीस पाच. शेजारचे रिक्षावाले भाऊ तळवलीचे आगरी होते. ते रिक्षा पुसता पुसता म्हणायचे, "दादा, तुमच्या घरान काय लिलाव चाललाय काय?" परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिचं एकही उत्तर चुकलं नाही. मनातल्या मनात मात्र तिला पलटी जमत नसे, ओठ हलावेच लागत. "हलू दे की," हे म्हणायचे, "ओठांना कोण मार्क देतंय?"

परीक्षेला तेच तिला घेऊन जाणार होते. सकाळी म्हणाले, छातीत जळजळ होतेय, रात्रीची मिसळ बाधली, तू जा. तिला जवळ घेऊन म्हणाले, "बाई काय म्हणतील ते म्हणू देत. तू आपली पलटी मार."

तिला आत सोडून मी फाटकाबाहेर गुलमोहराखाली पुस्तक घेऊन उभी होते. बरेच पालक होते. पेपर अर्धा झाला असेल, तेव्हा शेजारचे भाऊ रिक्षा घेऊन आले. म्हणाले, "वैनी, घरी चला. दादांना बरा नाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून मला कळलं.

मी त्यांना विचारलं, "आहेत का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

शिपाई फाटकाशीच होता. सांगितलं असतं तर त्याने मुलीला वर्गातून बोलावून आणलं असतं. मी सांगितलं नाही. मला एवढंच सुचलं, की ती आत आकडे लिहितेय, ते तिला लिहू द्यावेत. यांचं तेवढंच काम बाकी होतं. मी दुसरी रिक्षा केली. भाऊ तिच्यासाठी तिथे थांबले.

ती आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. पुढचं मी लिहीत नाही.

वर्गात काय झालं ते मला तेराव्यानंतर भाऊंनी सांगितलं. ती बाहेर आली आणि रिक्षात बसली. मग त्यांना म्हणाली, "काका, पप्पांना सांगू नका हां. मला बोलू दिलं नाही." दुसऱ्याच आकड्याला वर्गातल्या बाई तिच्या बाकाशी आल्या होत्या. कोणाशी बोलतेस? शेजारणीला उत्तरं सांगतेस? पुन्हा ओठ हलले तर पेपर काढून घेईन. तिने ओठ मिटून घेतले आणि जसं ऐकू आलं तसं लिहीत गेली. बासष्टचे सव्वीस, सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर. आपण चुकतोय हे तिला प्रत्येक आकड्याला कळत होतं.

निकालात तिचं नाव नव्हतं. जे भेटले ते सगळे म्हणाले, ज्या दिवशी बाप गेला त्या दिवशी पोर पास कशी होणार? आम्हाला सोसायला सोपं व्हावं म्हणूनच ते तसं म्हणत. मी इस्पितळाचा कागद घेऊन मुलीबरोबर त्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी कागद बाजूला ठेवला. "ही सवलत बोर्डाच्या परीक्षेला असते, आमच्याकडे तसं काही नाही," म्हणाल्या. पण त्यांना बातमी कळलेली होती, आणि बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"त्या दिवशी तिची मनःस्थिती काय असेल, मी समजू शकते. आपण असं करू, तिला एकटीला बसवून पुन्हा पेपर घेऊ. समितीला मी सांगेन."

मी नुसती मान डोलावत होते.

मुलगी म्हणाली, "पण मला माहीतच नव्हतं."

"काय माहीत नव्हतं, बाळ?"

"पप्पा गेले ते. मला घरी गेल्यावर कळलं. मला पुटपुटू दिलं नाही म्हणून माझं चुकलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मला सगळं सांगावं लागलं. वेलांटी, बस, पलटी, साठ दोन. सांगताना ते मलाच वेड्यासारखं वाटत होतं. हे असते तर त्यांनी बाईंना हसवून पटवलं असतं. मी पुस्तकात वाचल्यासारखं सांगत होते.

बाईंनी एक कोरा कागद पुढे केला. "लिही बघू. बासष्ट."

मी तिच्याकडे बघत होते. म्हण, म्हण, असं मी मनात म्हणत होते. तिचे ओठ मिटलेले होते, इतके की कडा पांढऱ्या झाल्या होत्या. तिने लिहिलं, २६.

"ओठ हलव," मी म्हटलं. "बाई काही म्हणणार नाहीत. पलटी मार."

तिने मान हलवली. नाही.

बाईंनी कागद उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "हे बघा, वर्गात साठ मुलं असतात. एकीला पुटपुटू दिलं तर बाकीच्यांना काय सांगणार? आणि आकडे असे घरोघरी वेगवेगळे म्हणायला लागलो तर कसं व्हायचं?" कागद त्यांनी आमच्याकडे परत दिला, तोही आणि इस्पितळाचाही.

परतीच्या वाटेवर त्याच स्टॉपवर आम्ही उभ्या होतो. तिने बसच्या नंबरांकडे बघितलं नाही. ती जमिनीकडे बघत होती. मी तिला विचारलं नाही, की गप्प का बसली नाहीस. जिने यांच्या मरणाचा आडोसा घेतला नाही, तिला काय विचारायचं?

मग आमच्याच बाजूला एक शाळा मिळाली. तिथे ती सर्वांत मागच्या बाकावर बसायची. मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पाहिलं, "त्र्याऐंशी" म्हणून पाहिलं. आतून आवाज आला नाही. घरातही तिने साठ दोन म्हणणं सोडलं. दहावीच्या परीक्षेला ती बसलीच नाही. तेव्हापासून मी तिला पुटपुटताना पाहिलेलं नाही. देवळात हात जोडून उभी असते, तेव्हाही ओठ मिटलेले असतात.

ती आता पनवेलला राहते, कपडे शिवून देणाऱ्या एका दुकानात कटिंगचं काम करते. माप सांगताना आकडे इंग्रजीत म्हणते, एक एक सुटा. फोर सेव्हन. सिक्स टू.

मध्यंतरी शाळेतल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं छापून आलं. टीव्हीवर त्याची फार थट्टा झाली. विद्वान माणसं भाषेची काळजी करत होती. त्या रात्री मुलीचा फोन आला.

"आई, बातम्या बघितल्यास?"

"बघितल्या."

तिच्याकडच्या टीव्हीवर तीच थट्टा चालू होती. मग म्हणाली, "ठेवते," आणि तिने फोन ठेवला.

ती मोजणी आम्हा तिघांना येत होती. यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ती बोलत नाही. घरात मी अजून तसेच आकडे म्हणते. ऐकायला कोणी नाही.