कांडपाच्या रांगेतला शेवट

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. मला त्यांचा मत्सर वाटतो. तो साड्या-दागिन्यांवरून किंवा सासूच्या मर्जीवरून असता तर एवढी लाज वाटली नसती. मी कथा-कादंबऱ्या लिहिते. अक्का सातवीपर्यंत शिकल्यात आणि गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगतात. एवढंच आहे, पण एवढ्यानं माझ्या तोंडातला घास कडू होतो.

कसबा बावड्यात आमची दोन घरं एकाच भिंतीला लागून आहेत. शाळेत शिकवायला जाण्याआधी मी पहाटे दोन तास जेवणाच्या टेबलावर लिहिते. वहीच्या उजव्या पानावर मजकूर आणि डावं पान खाडाखोडीला मोकळं. पहाटे जमलेलं वाक्य मी मोठ्यानं वाचून खूश होते आणि शाळेतून आल्यावर तेच खोडते. अशी चार वर्षं एका कादंबरीवर गेली. भिंतीपलीकडं अक्का भांडी घासता घासता शेजारणीला काल बाजारात काय झालं ते सांगत असतात, आणि शेजारीण हातातली कळशी खाली ठेवायची विसरते. डावं पान त्यांना लागतच नाही.

माझी कादंबरी उचगावच्या एका बाईची होती. तिचा नवरा घर सोडून गगनबावड्याकडं जातो आणि तिथं दुसरा संसार मांडतो. ही पिठाची गिरणी चालवून मुलं वाढवते. चौदा वर्षांनी तो परत येतो आणि गिरणीच्या दारात उभा राहतो. इथं माझं घोडं अडलं. तिनं त्याला घरात घेतलं तर मलाच तिचा राग येणार, आणि हाकलून दिलं तर नुसता सिनेमा होणार. मी तीन शेवट लिहिले आणि तिन्ही फाडले. प्रकाशकांचा फोन आला की वर्गात तास चालू आहे म्हणून सांगायचे, एकदा तर रविवारीसुद्धा सांगितलं.

अर्धवट लिहिलेलं कुणाला सांगायचं नाही, हा माझा नियम. तो मी त्या उन्हाळ्यात मोडला. आमच्या दोन्ही घरांची वर्षाची चटणी एकत्र होते. अक्का आणि मी गच्चीवर मिरच्यांचे देठ मोडत बसलो होतो. ते दोन दिवसांचं काम, बोटांची नुसती आग होते. कंटाळून मी त्यांना सगळी कादंबरी सांगून टाकली.

"मग? फुडं काय केलं तिनं?" अक्कांनी विचारलं.

"तेच तर सुचत नाही."

"व्हय?" म्हणाल्या आणि पुढची मिरची उचलली.

तिसऱ्या दिवशी आम्ही मिरच्या कांडायला गेलो. कांडपाच्या यंत्रापुढं डब्यांची रांग होती आणि डब्यांमागं बायकांची. मी फोनवर बोलायला बाहेर गेले. परत आले तर यंत्राच्या धडधडीवर अक्कांचा आवाज चढलेला. त्या माझी कादंबरी सांगत होत्या. माझी! नायिकेचं मी चाळीस पानं लिहिलेलं बालपण त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. नवऱ्याला मी न दिलेला खोकला दिला, आणि तो दारात येण्याआधी खोकला ऐकू आला. बायका पुढं सरकायचं विसरल्या. मला आत जाऊन त्यांचं तोंड धरावंसं वाटत होतं आणि एक शब्दही चुकवायचा नव्हता.

"मग काय केलं तिनं?" कुणीतरी विचारलं.

"काय करतीया? गिरणीवर ही गर्दी. तिनं मान बी वर केली न्हाय. म्हणली, पावणं, डबा रांगेत ठेवा."

चौदा वर्षांनी परतलेल्या नवऱ्याला ती वाटेवरच्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं पावणं म्हणाली होती. एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला, मिरचीनं की कशानं, देव जाणे. चार वर्षं शोधत होते ते सापडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर ती म्हातारी मला म्हणते, "तू बी लिवतीस म्हणं. असं कायतरी लिव की."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो शेवट उजव्या पानावर लिहिला. एक अक्षरही खोडावं लागलं नाही. अक्कांना विचारलंही नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय?

पुस्तक निघालं. प्रकाशनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. मग कुणीतरी विचारलं, हा शेवट तुम्हाला कसा सुचला? तिसऱ्या रांगेत अक्का ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता.

"पहाटे लिहिताना अचानक सुचला," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. अक्कांनीही वाजवल्या, अगदी मनापासून. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. मला राहवेना. म्हटलं, "अक्का, तो शेवट तुमचा आहे. मी तिथं सांगायला पाहिजे होतं."

"कुठला शेवट?"

"पावणं, डबा रांगेत ठेवा."

अक्का हसायला लागल्या. "त्यो शेवट व्हय? अगं, आपला नंबर आला म्हणून थांबलो की मी. डबा उचलायचा हुता. फुडं लई हाय अजून. तू तितंच संपवलंस?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सांगू?"

"नको!" मी इतक्या जोरात म्हणाले की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. कादंबरी छापून झाली होती. त्याहून चांगलं काही असेल तर ते मला ऐकायचंच नव्हतं.

"बरं," अक्का म्हणाल्या. मग कार्यक्रमातले पोहे गार होते, यावर त्या घरापर्यंत बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला. शेजारणीला सांगत होत्या, "ती गिरणवाली सांगितली न्हवं का तुला? तर ती म्हणली, डबा रांगेत ठेवा. मग त्यो म्हणतोय, डबा न्हाय आणला..."

मी नळ बंद केला.