पाचच्या बसआधीचा खेळ

लॅपटॉप तापला की त्याच्या पंख्यातून करपलेल्या धुळीचा वास येतो, आणि मला भंडाऱ्याच्या हॉस्टेलमधली ती दुपार आठवते. माझा रूममेट गणितात दुसऱ्यांदा नापास झाला होता. पाचच्या बसने तो कॉलेज सोडून आसगावला, घरच्या शेतीवर जाणार होता. बॅग भरून झाली होती, तरी तो मला त्याच्या लॅपटॉपवरचा अंतराळयुद्धाचा खेळ शिकवत बसला. मागून येणारं क्षेपणास्त्र आपल्या इंजिनाच्या उष्णतेचा माग काढतं. ते जवळ आलं की पेटते गोळे सोडायचे आणि इंजिन बंद करून वळायचं, म्हणजे ते गोळ्यांच्या मागे जातं. क्षेपणास्त्र येत असल्याची पहिली बीप वाजताच मी घाबरून सगळे गोळे सोडून दिले. "अबे, काहून इतली घाई? डुक्कर धानात घुसाच्या आधीच सारे फटाके फोडशीन, तं मंग काय टाळ्या वाजवशीन?" तो हसला. पुढच्या क्षेपणास्त्राने आमचं यान फुटलं. मला म्हणायचं होतं, जाऊ नको, गणित मी शिकवतो. पण मी विचारलं, "मंग कवा सोडाचे?" "बीप लंबी झाली का सोडजो," म्हणत त्याने बॅग उचलली. "चाललो मी." मी "हव" म्हटलं. तो गेल्यावर मला रडू आलं नाही. मी मेसमध्ये जाऊन जेवलो. आता मी शेवटच्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलमधल्या दोघांना तेच गणित शिकवतो. त्या दुपारी मी त्याला बरेच प्रश्न विचारले होते, सगळे क्षेपणास्त्रांबद्दल.