पडद्यावर उजळलेली कड

त्या आठवड्यात मी देवाशी बोलणं सोडलं होतं. आमच्या ह्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. शीर बंद आहे हे अँजिओग्राफीत कळलं होतं. पण हृदयाची पुढची भिंत हलत नव्हती. ती मेली असेल तर बायपासचा उपयोग नाही, नुसती निजली असेल तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते ओळखण्यासाठी औषध टोचून हृदयाची वेगळी सोनोग्राफी करायची होती. ती करणारे डॉक्टर परभणीत आठवड्यातून एकदाच यायचे.

पेडगावहून आम्ही पोचलो तोवर नंबर संपले होते. हे बाकावर बसून धापा टाकत होते. माझ्या मनात रागाशिवाय काही नव्हतं. शेजारी एक म्हातारी नवऱ्यासोबत बसली होती. तिनं ह्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि आपली नंबराची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "जावा बाई. तुमच्या मालकायला लय दम लागायलाय. माझं पुढल्या हप्त्याला केलं तरी चालतंय, डॉक्टरच म्हणले."

आत मला ह्यांच्या पायाशी उभं राहू दिलं. हाताच्या शिरेतून औषध सोडलं. त्यातले बारीक बुडबुडे रक्ताबरोबर जिथं पोचतील तिथं पडद्यावर उजेड दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळं हृदय उजळलं, पुढची भिंत तेवढी काळी राहिली. देवाकडे मागायलाही माझ्याकडे शब्द उरले नव्हते. मनात एवढंच आलं, 'तुझं आहे, तू बघ.'

मग त्या काळ्या भागाची कड हळूहळू पांढुरकी झाली. कोरड्या मातीत ओल चढावी तसा उजेड आत सरकत गेला.

"रक्त कमी पोचतंय, पण पोचतंय," डॉक्टर म्हणाले. "स्नायू जिवंत आहे."

"काय दिसायलंय गं?" ह्यांनी विचारलं. मी त्यांच्या पावलांवर हात ठेवला.

बायपास नीट पार पडलं. त्याआधी, पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्याच दवाखान्यात गेले. म्हातारी भेटली. पाया पडायला वाकले तर तिनं माझे खांदे धरले. "ते राहू द्या. मालक कसे हायत, ते सांगा आधी."

देव कुणाच्या रूपानं आला, याचा वाद मी घालत नाही. आयुष्यभर मी सगळं घट्ट धरून ठेवलं होतं. त्या खोलीत पहिल्यांदा सोडून दिलं, आणि मी पडले नाही.