नंदीसाठी बांधलेला उतार

गेल्या पोळ्याची गोष्ट सांगायला बसले की माझा आवाज आपोआप चढतो. घरचे म्हणतात, हळू बोल, शेजारी ऐकतात. ऐकू देत. सगळ्या सिंदी मेघेनं ऐकलं तरी माझी हरकत नाही.

मी तिथं, वर्ध्याला लागून, राहते आणि रोज सकाळी स्कूटीनं केळझरच्या पुढे, आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात शिकवायला जाते. जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला तीन पायऱ्या. पहिली ते चौथीची लेकरं आणि आम्ही दोघं शिक्षक. गावातल्या बऱ्यापैकी घरांतली पोरं पिवळ्या गाडीत बसून कॉन्व्हेंटला जातात. आमच्याकडे उरतात ती मजुरांची, त्यामुळे शाळेत काय चाललंय, छत गळतंय की नळ कोरडा आहे, याची चौकशी करायला गावात फारसं कोणी उरलेलं नाही. फाटकाच्या आत गावकरी येतात ते मतदानाच्या दिवशी.

त्या वर्षी तिसरीत एक मुलगी होती. पायांत जोर नाही, जन्मापासूनच. डोकं मात्र असं तल्लख, की मी फळ्यावर चूक केली तर हात वर न करता आधी सांगून मोकळी. वर्ध्याच्या एका शिबिरात तिला चाकाची खुर्ची मिळाली होती. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत ग्रामपंचायतीचा सिमेंटचा रस्ता आहे, त्यावरून खुर्ची मस्त चालायची. पण फाटकाच्या आत आमचं मैदान म्हणजे निव्वळ काळी माती. पावसाळ्यात चाक तिथं रुतलं की हलायचं नाव नाही. आणि त्यापुढे त्या तीन पायऱ्या. म्हणून खुर्ची घरीच असायची, तिच्यावर ओले कपडे वाळायचे, आणि आई लेकीला कमरेवर घेऊन यायची.

आई निंदायला, वेचायला दुसऱ्यांच्या शेतात जाणारी. घरचं उरकून लेकीला आणेपर्यंत शाळा भरून जायची. मला उशीर खपत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. दारात उभं करून दोन शब्द ऐकवल्याशिवाय मी कोणाला आत घेत नाही. त्या मुलीला मी कधी बोलले नाही. पण बोलणी न खाता आत यायचं, याचीच तिला जास्त लाज वाटायची. मान खाली घालून ती दप्तरातलं काहीतरी उगाच शोधत बसायची.

श्रावण लागला तेव्हा एक दिवस आई लेकीला खाली ठेवून कमरेवर हात देऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आता नाई होत माह्याच्यानं. पोट्टी मोठी होऊन राह्यली. पोळा झाला का घरीच ठेवतो तिले."

उताराची मागणी मी दोनदा वर पाठवली होती. निधी आला की बघू, एवढंच उत्तर. ग्रामसभेतही उभी राहून मागितलं होतं. माती दाबायला दोन ट्रॉल्या मुरूम आणि पायऱ्यांच्या बाजूला एक उतार, एवढंच. लोकांनी माना हलवल्या आणि विषय देवळाच्या सभामंडपाकडे गेला. घरी येऊन मी इतकी चिडले होते की त्या दिवशी पोळ्या लाटताना पोळपाटच आपटला.

तर तो सभामंडप. त्याचं बांधकाम नेमकं श्रावणात सुरू झालं आणि देवळापुढचं अंगण गिट्टी-रेतीनं भरून गेलं. आता तान्हा पोळा कुठे भरवायचा, हा गावापुढचा मोठा प्रश्न. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी नंदी सजवायचे, दोरीनं ओढत तोरणाखाली आणायचे, रांगेत उभे करायचे. पूजा होते, बक्षिसं होतात, मग नंदी घेऊन घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ आणि चार पैसे, गोळा करायचा. कॉन्व्हेंटचं पोर असो की आमचं, त्या दिवशी घरात कोणी थांबत नाही.

गावात किराण्याचं मोठं दुकान असलेले एक शेठजी आहेत. त्यांच्या घरचा नंदी सागवानी, पिढ्यान्‌पिढ्यांचा, खऱ्या गोऱ्ह्याएवढा. मान त्याचा पहिला. आणि त्या घरची एक रीत आहे. नंदी सजला, घरात त्याची पूजा झाली, की मग त्याला कोणी उचलायचं नाही. तो आपल्या चाकांवर चालत तोरणाखाली जाणार आणि चालतच घरी परत येणार.

मी साबण घ्यायला दुकानात गेले होते. पोळा भरवणाऱ्या मंडळाची माणसं तिथंच बसून जागेची चर्चा करत होती. मला एकदम सुचलं, आणि सुचलं तसं मी बोलून टाकलं. शाळेत भरवा की. मोठं मैदान आहे, बक्षीस वाटायला व्हरांडा आहे, शेठजींचा नंदी वर उंचावर उभा राहील, सगळ्या गावाला दिसेल. आणि बोलण्याच्या भरात साबण तिथंच विसरून आले.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. शाळेसाठी काहीही मागायचं नाही. जे मागायचं ते नंदीसाठी.

आणि काय सांगू, गंमतच सुरू झाली! मैदान बघायला आलेल्या मंडळींना मी नुसतं म्हटलं की या मातीत नंदींची चाकं रुततील. दुसऱ्याच दिवशी मुरुमाच्या ट्रॉल्या दारात. दोन मागितल्या होत्या तेव्हा एक मिळाली नव्हती, आता मोजायची सोय नाही. व्हरांड्याचं टिन गळतं, नंदींचा रंग जाईल, असं म्हणायचा अवकाश, की टिन बदललं. बेगड ओलं होईल म्हणून खिडकीला झडपा आल्या. मी आणि आमचे सर एकमेकांकडे बघायचो आणि तोंड फिरवून हसायचो. सर गरीब स्वभावाचे, ते म्हणायचे, मॅडम, पुरे आता, पाप लागेल. मी म्हटलं, लागू द्या, अजून उतार व्हायचाय.

न उचलता नंदी पायऱ्या कसा चढणार, हेही मी विचारून पाहिलं, पण उताराचं घोडं मात्र अडलं. मंडळातल्या एका शहाण्यानं डोकं चालवलं. नंदीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवू, ट्रॉली मागे घेत घेत व्हरांड्याला टेकवू, की नंदी सरळ वर. उचलायचंही नको आणि बांधायचंही नको. सगळ्यांना पटलं. हे मला कळलं तेव्हा मी मधल्या सुट्टीत तशीच दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, तरी मी थांबले नाही.

"शेठजी, नंदी गाडी ओढते का गाडीत बसते?" मी विचारलं.

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पोट हलवून हसायला लागले. म्हणाले, बरोबर आहे मॅडमचं, आमचा नंदी काही आजारी नाही. त्याच संध्याकाळी त्यांचा मिस्त्री टेप घेऊन शाळेत हजर. त्यानं शेठजींच्या घरी जाऊन नंदीच्या चाकांचं माप घेतलं, आणि उतार बांधला तो त्या मापानं, ऐसपैस, दोन्ही बाजूंना कठडे, आणि चढ इतका सौम्य की भरल्या अंगाचा लाकडी बैल सहज वर जावा. पायरीच्या दगडापासून पार फाटकाच्या दिशेनं लांबवर आला तो उतार. एवढा मोठा उतार तर मी माझ्या अर्जातसुद्धा मागितला नव्हता.

सिमेंट ओलं असताना आमची लेकरं आपापल्या बाटल्यांतलं पाणी त्याच्यावर शिंपडायची. ती मुलगी व्हरांड्यात बसून सगळं बघायची. एक दिवस मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मॅडम, नंदी गेल्यावर हा तोडाचा नाई ना?"

नाही गं, एवढंच म्हणाले आणि वर्गात जाऊन उगाच खडू शोधत बसले.

तान्ह्या पोळ्याला मी सकाळीच पोचले. सुट्टी होती, पण राहवतंय कोणाला? आंब्याच्या पानांचं तोरण फाटकाला, माईकवर गाणी, झेंडूच्या माळा, फुगे, बेगड. पिवळ्या गाडीतली आणि आमची लेकरं एकाच रांगेत, कोण कुठल्या शाळेचं ते ओळखू येईना. ज्या बाया कधी फाटकाच्या आत आल्या नव्हत्या त्या वर्गात शिरून भिंतीवरची चित्रं बघत होत्या. मी नुसती इकडून तिकडे धावत होते. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

शेठजींचा नंदी आला. घुंगरांचा आवाज, पोरांचा गलका. उताराला चाकं लागली तशी सगळे गप्प झाले. एक चाक कुरकुरलं, नंदी क्षणभर थांबला, दोरी ताणली गेली, आणि तो डुलत डुलत वर गेला. टाळ्यांनी नवं टिन दणाणलं.

आणि मग फाटकातून ती आली. खुर्चीवरचे वाळत घातलेले कपडे गेले होते, त्या जागी लाल-हिरवं बेगड होतं, आणि मागे दोरीनं बांधलेला वीतभर लाकडी नंदी. मुरुमावरून चाकं करकरत उताराशी आली. आई सवयीनं वाकली, दोन्ही हात पुढे केले.

"नको उचलू वं मा," ती म्हणाली. "आज नंदीले कोणी उचलते का?"

आईचे हात तसेच राहिले. लेकीनं चाकांच्या कड्या धरल्या आणि जोर लावला. अर्ध्यावर गेली आणि तिथं खुर्ची अडली. दोन हातांनी धरून ठेवलेली, ना पुढे ना मागे, चेहरा लाल झालेला. शेठजींची दोन्ही पोरं धावली. मी ओरडले की कोणी हात लावायचा नाही. माईकवरच्या गाण्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला, सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. लागू दे. तिनं एक दम घेतला, पुन्हा जोर लावला, आणि चाकं फिरली. मागचा छोटा नंदी आदळत आपटत तिच्यामागे गेला, आणि ती वर, शेठजींच्या नंदीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आई खालीच उभी होती. पदर तोंडाला लावून रडत होती, आणि मीही काही मागे नव्हते.

बक्षिसं झाल्यावर शेठजी माझ्याजवळ आले. त्यांनी त्या उताराकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मॅडम, नंदीच्या नावानं तुमी त्या लेकराले रस्ता केला. सीधं काऊन नाई मांगतलं आमाले?"

"मांगतलं होतं," मी म्हटलं. "ग्रामसभेत. तुमी पयल्याच रांगेत बसून होते."

मला वाटलं होतं, हे म्हणताना मला मजा येईल. आली नाही. ते "हौ, मांगतलं होतं" असं स्वतःशीच म्हणाले आणि नंदीची दोरी सोडवायला गेले. घरी निघताना त्यांनी नंदी थांबवला, आधी खुर्चीला खाली येऊ दिलं, आणि मग नंदी उतरवला. त्या घराच्या नंदीचा पहिला मान कोणासाठी थांबल्याचं गावानं तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा होती. पोळा झाला का घरीच ठेवतो, असं आई म्हणाली होती, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. एक दिवस सगळ्या गावापुढे चढून जाणं वेगळं, रोज येणं वेगळं. आणि नेमकी त्याच दिवशी केळझरच्या फाट्यावर माझी स्कूटी पंक्चर झाली. दुरुस्त होईपर्यंत मी त्या पंक्चरवाल्याला इतक्यांदा घाई केली की त्यानं मलाच पाना धरायला दिला. वाटेत तिची आई दिसली, बायांच्या घोळक्यात, हातात विळा, शेताकडे निघालेली. सोबत लेक नव्हती. मी गाडी थांबवली पण विचारायचा धीर होईना. तीच हसली आणि म्हणाली, मॅडम, आज मी टायमावर निघालो.

फाटकाशी गाडी लावून मी जवळजवळ पळतच गेले. वर्ग भरलेला होता. सर पाढे म्हणवून घेत होते. ती पहिल्या रांगेत, खुर्चीत ताठ बसलेली, दप्तर मांडीवर, वही उघडी. मला बघून तिनं मान खाली घातली नाही.

"मॅडम, घंटा होऊन गेली," ती म्हणाली. "तुमी लेट आल्या."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी दारातच उभी राहिले आणि विचारलं, आत येऊ का?

तिनं जरा विचार केला.

"या," ती म्हणाली. "पण उद्या टायमावर या."